मांजरीसकट घर पाहिजे

तमाम घरमालक, घरमालकिणी, त्यांच्या वतीने फोन उचलणारे जावई, अपार्टमेंटचे सेक्रेटरी आणि जिन्याखालच्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याची उलटतपासणी घेणारे वॉचमन यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या घरात एक मांजर आहे. वजन साडेतीन किलो. वय तेरा. रंग राखाडी, पोट पांढरे. डाव्या डोळ्याने दिसत नाही. आजवर कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही. सदर मांजरीचे नाव येथे दिलेले नाही, कारण तिची परवानगी घेतलेली नाही आणि ती देणारही नाही.

हे निवेदन पाठ करून मी दोन महिने हैदराबादभर फिरले. संपूर्ण ऐकून घेणारा माणूस भेटला नाही. ‘मांजर’ या शब्दासरशी समोरच्याचा चेहरा बदलायचा आणि वजन, वय, रंग हे सगळं माझ्या तोंडातच राहायचं.

नल्लकुंट्यात आम्ही नवरा-बायको चौदा वर्षं एका जुन्या घराच्या वरच्या पोर्शनमध्ये राहिलो. पोर्शन म्हणजे घराचा असा तुकडा, ज्याला दार आपलं असतं आणि गेट दुसऱ्याचं. मालक थकले, त्यांच्या मुलांनी घर बिल्डरला द्यायचं ठरवलं आणि आम्हाला दोन महिन्यांची मुदत मिळाली. मालकांना खरंच वाईट वाटलं. जाताना काय देऊ, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी मांजरीसाठी शिफारसपत्र मागितलं. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मी गंमतच करत होते, पण पत्रही हवं होतं. त्यांनी चष्मा पुसून, स्वच्छ तेलुगू अक्षरात लिहून दिलं की ही मांजर तेरा वर्षं माझ्या घरात राहिली, तिने एकच दार ओरखडलं आणि ते दार आधीपासूनच खराब होतं. खाली सही, तारीख. असं पत्र मला माझ्या ऑफिसने पंचवीस वर्षांत दिलेलं नाही.

मुदतीच्या पहिल्याच आठवड्यात नांदेडहून नणंदेचा फोन आला. तिच्या नवऱ्याचं धान्याचं गोदाम आहे. घर मिळत नसेल तर मांजर आमच्याकडे पाठवा, गोदामात उंदीर आहेत, खाऊनपिऊन राहील, असं ती प्रेमाने म्हणाली. आमच्या मांजरीने आयुष्यात एकदाच उंदीर पाहिला आणि त्या दिवशी ती फ्रिजवर चढून संध्याकाळपर्यंत उतरली नाही. रोज सकाळी तिला मूत्रपिंडाच्या औषधाचे थेंब लागतात. गोदामात बाहेरची कुत्री येतात, ट्रक मागे घेतात. एका डोळ्याची म्हातारी मांजर तिथे आठवडाभर टिकली नसती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं आणि दोघंही बोलून दाखवत नव्हतो. नणंदेला मात्र ‘बघू’ म्हणून ठेवलं, कारण दुसरी जागाच नव्हती.

आता माझ्या नवऱ्याविषयी. माणूस म्हणून तो उत्तम आहे. भाडेकरू म्हणून पूर्ण निरुपयोगी, कारण त्याला खोटं बोलता येत नाही. मला येतं. दिवसभर ऑफिसात आवक-जावक सांभाळते आणि वर्षातून एकदा मराठी मंडळाच्या नाटकात काम करते, त्यामुळे मला दोन्ही प्रकारचं खोटं येतं, कागदावरचं आणि तोंडाचं. पहिल्याच घरी मालकाने विचारलं, “घर में कौन कौन?” मी पदर सावरून, नजर खाली घालून, अगदी तिसऱ्या अंकातल्या सुनेसारखं म्हणाले, “बस हम दोनों.” पाठीमागून नवऱ्याचा आवाज आला, “और एक बिल्ली.”

परत येताना ऑटोत आमची जुंपली.

“त्यांनी माणसं विचारली होती,” मी म्हणाले.

“कोण कोण राहणार, असं विचारलं. ती राहणार आहे.”

“मग पालही राहणार आहे. तीही सांगायची होती.”

“पाल आपली नाही,” तो शांतपणे म्हणाला. ऑटोवाला आरशातून बघत होता. उतरताना त्याने मला हळूच सांगितलं की त्याच्याकडेही दोन मांजरी आहेत, पण त्याच्या सासूचं घर आहे म्हणून चालतं.

मग रांगच लागली. मलकपेठेत एक हौशी मालक भेटले. त्यांच्या हॉलमध्ये चारही भिंतींवर घोड्यांचे फोटो होते, रेसकोर्सवर धावणाऱ्या, नुसत्या उभ्या असलेल्या, एकाच्या गळ्यात हार. प्रत्येक घोड्याचा स्वभाव त्यांनी आम्हाला सांगितला. कोण रागीट, कोण लाजाळू, कोणाला पावसात धावायला आवडायचं. मला वाटलं, मिळालं घर. मी मांजरीचं बोलले. ते एकदम उठले आणि म्हणाले की जनावर घरात नको, जनावराची जागा बाहेर. पाठीमागच्या घोड्यानेही माझ्याकडे तशाच नजरेने पाहिलं.

विद्यानगरच्या एका अपार्टमेंटमध्ये सेक्रेटरी स्वतः खाली आले आणि त्यांनी लिफ्टशेजारी चिकटवलेला नियम दाखवला: लिफ्टमधून प्राणी नेण्यास मनाई. आम्हाला पहिला मजला मिळणार होता आणि मांजर टोपलीत मावते, जिन्याने नेऊ, असं मी सांगितलं. तेवढ्यात तिथल्या वॉचमनने, कुणी विचारलं नसताना, माहिती पुरवली की चारच दिवसांपूर्वी पाचव्या मजल्यावरच्या गृहप्रवेशाला लिफ्टमधून गाय वर नेली होती. वासरू दुसऱ्या फेरीत. सेक्रेटरींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “वो एक दिन का था,” ते म्हणाले.

बरकतपुऱ्यातल्या मालकांनी मात्र विचार केला. खूप वेळ केला. शेवटी म्हणाले, कुत्रा असेल तर आणा. कुत्रा चोरांवर भुंकतो, त्याचा घराला उपयोग आहे. मांजर काय करते? आमची मांजर खरोखरच काही करत नाही. खिडकीत बसते आणि ज्या बाजूचं दिसत नाही त्या बाजूने कुणी आलं तर दचकते. पण या मापाने मोजलं, तर भाड्याचं घर मिळण्यालायक माणसं तरी किती निघतील, असं मला विचारायचं होतं. विचारलं नाही. त्यांचे भाऊ शेजारी पेपर तोंडावर घेऊन झोपले होते.

एक घर मराठी माणसाचं मिळालं. फोनवर मांजरीचं सांगितलं, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, मांजर काय, घरातलीच असते, या निवांत. गेलो. त्यांच्या बायकोने पोहे केले. मराठी ऐकून सगळ्यांना आनंद झाला होता. मूळ गाव कोणतं, असं विचारलं, परभणीकडचं म्हणालो. मग आडनाव विचारलं, तेही सांगितलं. चमचे जरा हळू वाजू लागले. मग देवघर कुठल्या कोपऱ्यात ठेवणार, असं त्यांनी विचारलं. नवऱ्याने, अर्थातच, खरं सांगितलं, की देवघर नाही, फळीवर बुद्धाची मूर्ती आहे, ती कुठेही ठेवता येते. ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग एकदम आठवल्यासारखं म्हणाले, “ते मांजराचं जमणार नाही हो. आईला दमा आहे.” त्यांची आई समोरच पोहे खात होती. स्वतःला दमा असल्याचं ऐकून त्यांनी चकित होऊन मुलाकडे पाहिलं.

आम्ही जिना उतरलो. गेटपाशी आल्यावर नवरा म्हणाला, “मांजरीला सांगू नकोस. तिला वाटेल तिच्यामुळे गेलं.”

मी हसले, आणि मग मला राग आला, आणि तो राग मी आजवर जपून ठेवला आहे. आमच्यासारख्यांना नकार नवा नाही. कधी आडनावाने दिला जातो, कधी मटणाच्या वासाने. आता त्यासाठी मांजर पुढे करायची सोय झाली. पण ज्यांची खरंच मांजरीलाच हरकत होती, त्यांचाही मला तेवढाच राग आला. एकानेही विचारलं नाही की ती काय खाते, कुठे जाते, घाण कुठे करते, काही मोडलं तर भरून द्याल का. हे सगळं विचारा ना. आम्ही लिहून देतो. येऊन मांजर बघा, तासभर बसा, तिला तुम्ही आवडलात तर ती उठून दुसऱ्या खोलीत जाणार नाही. ते शिफारसपत्र मी पर्समध्ये घेऊन फिरत होते. एकाने ते घेतलं, घडी न उघडताच त्याने वारा घेतला आणि परत दिलं.

पाच दिवस उरले होते, तेव्हा मलकपेठेतच, घोडेवाल्यांपासून लांब, एका गल्लीत हाताने लिहिलेली ‘टू-लेट’ची पाटी दिसली. खाली एकट्या राहणाऱ्या तेलुगू अम्मा, सत्तरीच्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. गुडघे दुखतात म्हणून वरचा पोर्शन भाड्याने द्यायचा होता. त्यांनी आम्हाला समोर दोन खुर्च्यांवर बसवलं आणि परीक्षा घेतली. पाण्याची मोटर किती वाजता लावाल. मासळी तळताना खिडकी लावाल का. शनिवारी मटण नको, बाकी दिवस तुमचे. मग म्हणाल्या, भांडता का?

“हौ,” नवरा म्हणाला.

“जोर से?”

“ये जोर से,” त्याने माझ्याकडे बोट केलं.

अम्मा पहिल्यांदाच हसल्या. घर दिलं, म्हणाल्या. माणूस खरं बोलतो की नाही, एवढंच त्या बघतात. आधीच्या भाडेकरूने दोन भाऊ राहणार म्हणून सांगितलं आणि सहा जण निघाले. सहा जणांचं काही नव्हतं, पण खोटं बोलणाऱ्याला त्या एक दिवस ठेवत नाहीत.

एवढ्या प्रश्नांत त्यांनी प्राण्यांचं विचारलंच नव्हतं. नवऱ्याने तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला, टाचेसकट, आणि अम्मांना सांगितलं की तुमच्या अंगणातला कढीपत्ता फार सुंदर आहे.

पुढचे चार दिवस घरात फक्त मांजर जेवत होती. नवऱ्याचं म्हणणं, ज्या गोष्टीसाठी घर मिळालं नेमकी तीच आपण मोडली. माझं म्हणणं, न विचारलेल्याचं उत्तर न देणं म्हणजे खोटं नव्हे. शेवटी मी म्हणाले, “जा, सांगा. आणि मग नांदेडला तुम्हीच सोडून या तिला. गोदामात तुम्हीच ठेवा.” तो उठून तिच्या औषधाची बाटली शोधायला गेला. बाटली समोरच होती.

ठरलं असं की आधी राहायला जायचं, मग चार दिवसांनी अम्मांना नीट सांगायचं. पण अम्मांची एक अट होती. भाड्याचं का असेना, नवीन घरात आधी दूध उतू जाऊ द्यायचं, मग सामान. सकाळी सात चाळीसला. नवऱ्याने नकारार्थी मान हलवली. आमच्या घरातून मुहूर्त आणि पूजा दोन पिढ्यांपूर्वीच गेल्या आहेत आणि त्या परत आणायची त्याची तयारी नव्हती. मी त्याला समजावलं की दूध तापवणं हा विधी नाही, चहाची तयारी आहे. हे त्याला पटलं.

जुन्या घराच्या किल्ल्या सकाळी सातला द्यायच्या होत्या, त्यामुळे मांजर मागे ठेवायची सोय राहिली नाही. तिला वेताच्या टोपलीत घातलं, झाकण लावलं, वर माझी जुनी ओढणी बांधली. सामानाचा टेम्पो खाली उभा. टोपली मी स्वतः वर नेली आणि हॉलच्या कोपऱ्यात ठेवली. अम्मा एकेक पायरी थांबत वर आल्या, टोपलीकडे बघून म्हणाल्या, हे कसं आधी आणलं? मी सांगितलं, काचेचं सामान आहे, टेम्पोत फुटेल. नवऱ्याचे कान लाल झाले.

स्वयंपाकघरात नवं पातेलं, त्यात दूध, खाली गॅस. अम्मांनी सांगितलं की घरच्या पुरुषाने लावावा. नवरा पुढे झाला. तसंही आमच्याकडे सकाळचं दूध तोच तापवतो. तिघं उभे राहिलो. दुधावर साय धरली, कडेने बुडबुडे आले, साय मधून फुगली, दूध पातेल्याच्या काठापर्यंत चढलं, आणि माझ्या नवऱ्याचा हात आपोआप पुढे गेला आणि त्याने गॅस बंद केला.

दूध खाली बसलं.

अम्मा पातेल्याकडे बघत राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कुणी बंद करायला सांगितलं, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं, वर्गात मागच्या बाकाला विचारावं तसं. नवरा आपल्या हाताकडेच बघत होता. मग त्याने मोडक्यातोडक्या दखनीत त्यांना सांगितलं, की लहानपणी घरात आठ माणसांना अर्धा लिटर दूध असायचं, ते सांभाळायचं काम त्याचं होतं. एकदा उतू गेलं तेव्हा आईने मारलं आणि मारून झाल्यावर आईच रडत बसली. तेव्हापासून दूध चढलं की हात आपोआप जातो. त्याने हे मला तीस वर्षांत सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, माणूस शिस्तीचा आहे.

अम्मांनी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, एकदा बसलेलं दूध चालत नाही, दुसरं पाकीट आणा.

तो दुकानात गेला. मी आणि अम्मा हॉलमध्ये आलो. आणि काचेचं सामान ओरडलं.

मी तात्काळ खोकले. सामान पुन्हा ओरडलं, मी पुन्हा खोकले, आणखी मोठ्याने, भिंतीला हात टेकून. मंडळाच्या रंगमंचावर क्षयाने मरताना मी इतका जीव ओतून खोकले नव्हते. अम्मांनी विचारलं, खोकला आहे? मी म्हणाले, “हौ अम्मा, पुरानी है.” अम्मा माझ्याकडे बघत राहिल्या. खरं बोलणाऱ्या माणसाची बायको म्हणून मला या घरात घेतलं आहे, हे त्यांच्या नजरेतून मला वाचता येत होतं. उगाच ओढणीची गाठ चाचपायला गेले, तर ती सैल झाली होती. मी घट्ट केली. म्हणजे केली, असं मला वाटलं.

नवरा आला. नवं दूध पातेल्यात गेलं. अम्मांनी त्याला हात मागे बांधून उभं राहायला सांगितलं आणि तो शाळेतल्यासारखा उभा राहिला. गॅस मी लावला. पुन्हा तिघांचे डोळे पातेल्यावर. साय धरली. बुडबुडे आले.

“अम्मा,” नवरा दुधाकडे बघतच म्हणाला, “एक बात बोलनी थी.”

मी त्याच्या पायावर पाय द्यायला गेले. या वेळी त्याने पाय आधीच बाजूला घेतला होता.

“टोकरी में काँच नहीं है.”

दूध चढलं. मी बघितलं, त्याची बोटं पाठीमागे एकमेकांत अडकून पांढरी पडली होती, पण हात पुढे आला नाही. दूध काठावरून सांडलं, शेगडीवर चरचरलं, ओट्यावर पसरलं आणि कडेवरून नव्या फरशीवर धार लागली. अम्मांनी दुधाकडे पाहिलं नाही. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. मग काय आहे, असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं.

उत्तर त्याच्या पायाशी येऊन उभं राहिलं होतं. मान थोडी डावीकडे वळवून, उजव्या डोळ्याने नीट अंदाज घेत, माझी ओढणी मागे फरफटवत. टोपलीत तासभर बसल्याचा राग शेपटीत होता, पण नाक दुधाकडे. सकाळीच देऊन टाकलेल्या जुन्या घराच्या किल्ल्या, खाली उभा टेम्पो, नांदेडचं गोदाम, सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. पर्समध्ये शिफारसपत्र होतं, ते काढायचंही सुचलं नाही.

मांजरीने वाफाळत्या धारेखाली मान घातली आणि जीभ बाहेर काढली. आणि अम्मा, ज्या एकेक पायरी थांबत वर आल्या होत्या, त्या दुखऱ्या गुडघ्यांवर थेट फरशीवर बसल्या, दोन्ही हातांनी तिला मागे ओढलं आणि माझ्या नवऱ्यावर खेकसल्या:

“अय्यो, देखते क्या खड़े? गरम है वो, जीभ जलती ना उसकी!”